दार्जिलिंगची वाफेची गाडी आणि घूमचं संग्रहालय: नीट बघायचं असेल तर

दार्जिलिंगच्या टॉय ट्रेनबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही जण तिच्या प्रेमात पडून परततात, तर काही जण ‘एवढे पैसे मोजून दोन तास धूर खाल्ला’ म्हणून वैतागलेले असतात. गाडी दोघांचीही तीच असते. पण डब्यात बसलं की इंजिन दिसत नाही, आणि या गाडीत बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त इंजिनापाशी घडतं, तेही गाडी उभी असताना. म्हणून हा लेख डब्यातल्या दोन तासांपेक्षा त्यांच्या आगेमागे काय करायचं याबद्दल जास्त आहे.

आधी हे ठरवा: वाफ की डिझेल?

दार्जिलिंग हिमालयन रेल्वे म्हणजे न्यू जलपायगुडी ते दार्जिलिंग हा सुमारे ८८ किलोमीटरचा दोन फुटी मार्ग. माथेरानच्या गाडीचे रूळही याच मापाचे. १८७९ मध्ये काम सुरू झालं, ऑगस्ट १८८० मध्ये गाडी कर्सियांगपर्यंत पोचली आणि जुलै १८८१ मध्ये थेट दार्जिलिंगला. १९९९ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. निलगिरीची रेल्वे २००५ मध्ये आणि कालका-सिमला २००८ मध्ये त्याच यादीत आली.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. न्यू जलपायगुडीहून दार्जिलिंगला जाणारी लांब पल्ल्याची गाडी डिझेल इंजिनावर चालते. तिला सात तासांहून जास्त लागतात, जीपने हेच अंतर साधारण तीन तासांत कापलं जातं. वाफेचं इंजिन हवं असेल तर घूम या जवळच्या स्टेशनापर्यंत जाऊन परतणारी दार्जिलिंग–घूम–दार्जिलिंग ही ‘जॉय राइड’ घ्यायची. तिच्यातही वाफेच्या आणि डिझेलच्या अशा दोन्ही फेऱ्या असतात, दोन्हींचे दर वेगळे असतात आणि वाफेची महाग असते. बुकिंग करताना फेरीपुढे ‘स्टीम’ लिहिलंय याची खात्री करूनच पैसे भरा. डिझेलमध्ये बसून ‘धूर कुठाय?’ विचारणारे पर्यटक तिथे रोज भेटतात.

महिना, वेळ आणि तिकीट

तिकीट आयआरसीटीसीवर काढता येतं. हंगामात खिडकीवर आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना हे गर्दीचे दिवस. प्रवासाची तारीख पक्की झाली की हॉटेलच्याही आधी हे तिकीट बघा. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे कुणीतरी सांगितलेल्या जुन्या आकड्यावर हिशेब मांडू नका. घूमच्या संग्रहालयाचं प्रवेशशुल्क साधारणपणे जॉय राइडच्या तिकिटातच धरलेलं असतं.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. हवा स्वच्छ असते, ८,५८६ मीटर उंचीचं कांचनजंगा दिसण्याची शक्यता जास्त असते, आणि थंडीमुळे वाफ दाट, पांढरीशुभ्र दिसते. उन्हाळ्यात तेच इंजिन तेवढीच वाफ सोडतं, पण ती हवेत लगेच विरते आणि फोटोत जेमतेम दिसते. मार्च-एप्रिलही बरा. पावसाळ्यात मात्र या गाडीवर बेत आखू नका. दरडी कोसळतात आणि मार्ग बंद पडतो. २०१० पासून तिनधरिया आणि पागलाझोडा भागात कोसळलेल्या दरडींनी पायथा ते दार्जिलिंग अशी अखंड वाहतूक काही वर्षं बंद होती, ती २०१५ मध्ये पूर्ववत झाली.

दिवसातली पहिली फेरी मिळाली तर तीच घ्या. दुपारकडे ढग वर चढतात आणि घूम धुक्यात बुडून जातं.

कपडे आणि बारीकसारीक

पांढरं काही घालू नका. धुराबरोबर कोळशाचे कण उडतात आणि उघड्या खिडकीतून आत येतात. चष्मा किंवा गॉगल असू द्या. कण डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं. घूम २,२५८ मीटरवर आहे, दार्जिलिंगपेक्षाही उंच, त्यामुळे गावात ऊन असलं तरी जाकीट बरोबर घ्या. शिट्टी कानठळ्या बसवणारी असते. तान्ही मुलं बरोबर असतील तर इंजिनापासून लांबचा डबा बरा. बाकी सगळ्यांनी जमल्यास इंजिनालगतचा डबा मागावा. आवाज तिथेच नीट ऐकू येतो.

सुटण्याआधीचा तास

गाडीच्या वेळेआधी किमान तासभर स्टेशनवर पोचा. दार्जिलिंगची इंजिन शेड स्टेशनला लागूनच आहे आणि तिथली हालचाल बाहेरूनही दिसते. परवानगीशिवाय आत शिरू नका आणि इंजिनावर पाय ठेवू नका. विचारलंत तर मंडळी बहुतेक वेळा हसून दोन गोष्टी सांगतात. ड्रायव्हर ऐन तयारीत असेल तर मात्र प्रश्न राखून ठेवा.

समोर उभं असलेलं छोटं निळं इंजिन ‘बी’ वर्गाचं असतं. ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीच्या आराखड्यावरची ही इंजिनं १८८९ पासून १९२५ पर्यंत थोड्याथोड्या संख्येने बनत गेली. बहुतेक ब्रिटनमध्ये घडली, काही अमेरिकेतल्या बाल्डविनच्या कारखान्यात, तर काही इथल्याच तिनधरियाच्या रेल्वे कारखान्यात जुळवली गेली. इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक आणि नावाची पाटी बघा. ७८८ क्रमांकाचं ‘टस्कर’, ७८२ चं ‘माउंटेनियर’ अशी नावं दिसतात.

आता चाकं मोजा. चारच आहेत आणि चारही चाकांना सिलिंडरमधून जोर मिळतो. पुढे-मागे नुसती वजन पेलणारी चाकं नाहीत. इंजिनाचं सगळं वजन जोर लावणाऱ्या चाकांवर पडावं, म्हणजे चढावर रुळांवरची पकड सुटणार नाही, हा त्यामागचा विचार. निलगिरीसारखी मधली दातेरी पट्टी या मार्गावर कुठेही नाही. लोखंडावर लोखंड घासूनच ही गाडी दोन हजार मीटरहून जास्त चढते. दुसरं कारण वळणांचं. खालच्या घाटातल्या अॅगनी पॉइंटच्या वळणाची त्रिज्या जेमतेम १८ मीटर आहे, तिथे लांबलचक इंजिन वळणारच नाही.

बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली पाण्याची टाकी दिसेल. या इंजिनाला मागे टेंडर, म्हणजे पाणी-कोळशाचा वेगळा डबा, नाही, पाणी आणि कोळसा सगळं स्वतःच्याच अंगावर. त्यामुळे साठा कमी आणि पाणी पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. कोळसा फोडणारा माणूस वर बसलेला असतो. मोठी ढेकळं भट्टीत नीट पेटत नाहीत, म्हणून तो ती हातोडीने मुठीएवढी करून मागे फायरमनकडे देतो. आणि अगदी पुढे, बफरच्या वर, दोघे जण वाळू घेऊन बसतात. रूळ ओले असले की हे रुळांवर हाताने वाळू टाकतात. बहुतेक रेल्वे इंजिनांत हे काम नळीतून होतं, इथे माणूस करतो. एवढ्याशा इंजिनावर चार-पाच माणसं का, याचं उत्तर हेच.

शक्य असेल तर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बाहेरूनच नजर टाका. एक उभी काचेची नळी दिसेल, तिच्यात पाणी हलत असतं. इंजिनावरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे तिच्यावरून कळतं. भट्टीच्या छतावर कायम पाणी असलंच पाहिजे. ते उघडं पडलं तर पत्रा तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटण्याची वेळ येते. यावर शेवटचा उपाय म्हणून छतात लवकर वितळणाऱ्या धातूचं एक बूच बसवलेलं असतं. ते वितळलं की वाफ भट्टीत घुसून आग दबते. पण तिथवर वेळ आली तर फायरमनची धडगत नसते, म्हणून त्याची नजर सतत त्या काचेकडे. घाटात चढ-उतार बदलला की पाणी बॉयलरच्या एका टोकाकडे सरकतं आणि काचेतली पातळी फसवी होते, तेही त्याला मनात धरावं लागतं.

मध्येच पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा बारीक, अखंड आवाज येईल. तो इंजेक्टर. बॉयलरमध्ये दाब असतो, मग बाहेरचं गार पाणी आत शिरणार कसं? वाफेचाच झोत अरुंद तोंडातून जोरात सोडून तो पाण्याला बरोबर ओढतो आणि आत ढकलतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही. एकोणिसाव्या शतकातली ही युक्ती मला सगळ्या इंजिनात सर्वांत देखणी वाटते.

लांब चोचीची तेलाची बरणी घेऊन कुणीतरी चाकांभोवती फिरत असेल. त्याने सांध्यासांध्यात तेल घातलं की सुटायची वेळ जवळ आली असं समजा. आता इंजिनाच्या बाजूने थोडं मागे सरका. रात्रभर गार झालेल्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे तसंच इंजिन हलवलं तर सिलिंडरचं झाकण तडकू शकतं. म्हणून ड्रायव्हर सुटताना खालच्या तोट्या उघडतो आणि दोन्ही बाजूंना गरम पाणी-वाफेचे फवारे जोरात सुटतात. फोटोसाठी हा क्षण अप्रतिम असतो, पायांसाठी तितकाच वाईट.

डब्यात बसल्यावर

खिडकी कुठल्या बाजूची यावर फार भांडू नका. मार्ग वळत राहतो आणि परतताना दिशा बदलतेच. डोकं आणि हात मात्र आत ठेवा. गाडी बाजारातून, घरांना चिकटून जाते. भिंती आणि दुकानांचे पत्रे खरोखर वीतभर अंतरावर येतात. रूळ सोबतच्या हिल कार्ट रोड या रस्त्याला शंभराहून अधिक ठिकाणी ओलांडतात, त्यामुळे शिट्टी जवळजवळ सतत वाजत असते. कुणाला ती कटकट वाटते, पण तिच्याशिवाय गाडी चालवणं शक्य नाही.

वेग जेमतेम सायकलचा. कानांनी गाडीचं काम ऐका. दोन सिलिंडर, प्रत्येकात पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. चढ तीव्र झाला की फुत्कार जड होतात आणि धूर काळवंडतो. वापरलेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते आणि तिच्याबरोबर भट्टीतली हवा ओढली जाते. इंजिन जितकं दमतं तितका हा ओढा वाढतो आणि आग आपोआप भडकते. मध्येच फुत्कार सलग, वेडेवाकडे झाले तर चाकं घसरली असं समजा. पुढचे वाळूवाले आता कामाला लागले असतील.

बतासिया लूप

घूमच्या अलीकडे गाडी बतासियाला दहा मिनिटं थांबते. १९१९ मध्ये हा लूप बांधला. इथे उतार इतका होता की सरळ मार्ग टाकणं शक्य नव्हतं, म्हणून मार्ग गोल फिरवून स्वतःवरूनच नेला आणि सुमारे १४० फुटांचा फरक पचवला. मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक आहे, १९९५ मध्ये उभारलेलं. दहा मिनिटांत सगळे जण कांचनजंगासमोर सेल्फी काढतात. तुम्ही आधी लूपच्या कडेने चालत जाऊन खालचे रूळ आणि वरचे रूळ एकमेकांना कसे ओलांडतात ते बघा. डोंगर फेरीआधी किंवा नंतरही दिसेल, कारण माफक शुल्क भरून ही बाग एरवीही बघता येते.

घूमला अर्ध्या तासात काय बघाल?

इथे मी थेट सल्ला देतो: जॉय राइडच्या थांब्यात संग्रहालय बघू नका. ते दुसऱ्या वेळी बघा.

कारण असं. घूमला गाडी साधारण अर्धा तास थांबते आणि त्याच वेळात इंजिन सुटं होऊन बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं. हा सगळा खेळ फलाटावरून दिसतो: कपलिंग (डब्याशी जोडणारा सांधा) सोडणारा माणूस, पॉइंट (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा) बदलणारा माणूस, सुटं इंजिन ऐटीत मागे जाणं, पुन्हा हळूच येऊन टेकणं आणि जोडलं जाणं. वर संग्रहालयात गर्दीत ढकलाढकली करताना हे निसटतं. आणि पूर्ण डबाभर माणसं एकदम आत शिरल्यावर संग्रहालयही धड बघून होत नाही.

संग्रहालयासाठी दुसऱ्या दिवशी दार्जिलिंगहून शेअर जीपने घूमला या. अंतर सात-आठ किलोमीटरच आहे. जॉय राइडच्या वेळा टाळून गेलात तर तुमच्याशिवाय क्वचितच कुणी असेल. सुट्टीचा वार आणि बंद होण्याची वेळ आधी स्टेशनवर विचारून घ्या.

संग्रहालय छोटं आहे, तासाभरात नीट होतं. मी आधी बाहेरून सुरुवात करतो. मोकळ्या जागेत ‘बेबी शिवोक’ नावाचं एक चिमुकलं इंजिन ठेवलंय. रेल्वे बांधणाऱ्या ठेकेदारांच्या कामावरचं हे इंजिन ‘बी’ वर्गासमोरही खेळण्यातलं वाटतं. काल पाहिलेलं इंजिन डोळ्यांसमोर आणून दोन्हींची तुलना करा: धुराडं कुठे, पाणी कुठे, सिलिंडर कुठे. सजीव इंजिन आधी पाहिलेलं असलं की थंड इंजिन वाचता येतं. उलट क्रमाने बघितलं तर ते नुसतं रंगवलेलं लोखंड असतं.

आत जुन्या छायाचित्रांसमोर जास्त वेळ काढा. त्यांत तीन गोष्टी शोधा. एक, सुरुवातीचे डबे. ते डबे कसले, छत टाकलेल्या चारचाकी ट्रॉल्याच त्या. साहेबलोक ब्लँकेटं पांघरून उघड्यावर बसत. दोन, घाटातल्या वळणांचे जुने फोटो. काही लूप आज अस्तित्वात नाहीत, पुरात वाहून गेले किंवा काढले गेले. तीन, गॅरेट इंजिन. बेयर, पीकॉक कंपनीचं हे दुहेरी सांगाड्याचं इंजिन १९११ च्या सुमारास इथे आलं. एकच होतं, टिकलं नाही.

फोटो बघताना काळाचे दोन टप्पे ध्यानात असू द्या. १९४८ पर्यंत ही रेल्वे खासगी कंपनीची होती, मग सरकारने घेतली. आणि मूळ मार्ग सिलिगुडीपासून होता, साठच्या दशकात तो न्यू जलपायगुडीपर्यंत वाढवला. मार्क ट्वेन १८९६ मध्ये इथे आला तेव्हा उतरताना माथ्यापर्यंतच गाडीने गेला, तिथून इंजिनाविना नुसत्या उतारावर घसरणाऱ्या, ब्रेक लावलेल्या ट्रॉलीतून घाट उतरला. आज असं काही करायला कुणी परवानगी देणार नाही, हे बरंच आहे.

बाहेरून बघा

गाडीत बसून गाडीचा फोटो येत नाही, त्यामुळे एखादी फेरी रस्त्यावरून बघण्यासाठी ठेवा. वेग कमी असल्याने एका जागी फोटो काढून जीपने पुढे जाऊन परत गाठणंही जमतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, चढावर, आणि सूर्य पाठीशी असेल अशी जागा निवडा. चढावर इंजिन कष्ट करत असतं, म्हणून धूर आणि वाफ तिथेच भरपूर. रुळांपासून दोन पावलं नाही, चांगलं अंतर ठेवा. इंजिनापेक्षा डबे बाहेर येतात आणि वळणावर टोकं झुलतात. शिवाय एकीकडून गाडी येताना दुसरीकडून जीप येते, ती दिसत नाही. ड्रोन उडवू नका.

वेळ असेल तर खालचा घाट

घूम–दार्जिलिंग हा मार्गाचा शेवटचा तुकडा. अभियांत्रिकी बघायची तर कर्सियांगच्या खाली जायला हवं. त्यासाठी लांब पल्ल्याची डिझेल गाडी पूर्ण नाही, पण न्यू जलपायगुडी किंवा सिलिगुडी ते कर्सियांग एवढीच घ्या, पुढे जीपने दार्जिलिंग गाठा. सुकनापर्यंत सपाट, मग जंगल, आणि तिथून चढ सुरू होतो. चुनभट्टी आणि अॅगनी पॉइंट हे दोन लूप याच टप्प्यात आहेत, तिसरा बतासिया. आणि इथेच ‘झेड’ लागतात. गाडी पुढे जाऊन थांबते, पॉइंट बदलतो, ती उलटी वर ढकलली जाते, पुन्हा थांबते, पॉइंट बदलतो आणि सरळ पुढे. असे सहा झेड आजही वापरात आहेत. बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत असंच उलट फिरवणारं स्टेशन होतं. तिथे बोगदे काढून ते टाळलं गेलं, इथे ‘झेड’ राहिले. सुकना आणि कर्सियांगलाही रेल्वेचे छोटे संग्रह आहेत. वाटेत तिनधरियाला थांबलात तर याच इंजिनांची दुरुस्ती करणारा कारखाना आहे. आत जायचं असेल तर परवानगीची चौकशी आधीच करून ठेवा, दारात जाऊन हट्ट धरू नका.

क्रम कसा लावायचा

दोन दिवस हातात असतील तर पहिल्या सकाळी वाफेची पहिली फेरी, तासभर आधी शेडजवळ. घूमला फलाटावरच थांबून इंजिन टोक कसं बदलतं ते बघायचं. परत आल्यावर अंघोळ, कारण केसांत कोळसा असतोच. दुसऱ्या दिवशी जीपने घूम, आधी संग्रहालय, मग रस्त्यावरून एखादी फेरी. उतरताना बतासिया. एकच दिवस असेल तर क्रम उलटा झाला तरी संग्रहालय गाडीच्या वेळेआधी बघा, नंतर ठेवलंत तर कंटाळा जिंकतो.

तिकीट काढलं तरी फेरी ऐनवेळी रद्द होऊ शकते किंवा इंजिन नादुरुस्त होऊन डिझेल लावलं जाऊ शकतं. शंभर वर्षांच्या यंत्राकडून हे धरून चालावं लागतं. म्हणून वाफेची फेरी मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाला ठेवू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे हुकली तरी दुसरी जागा शोधायला एक दिवस हाताशी राहतो.